तुमचं बाळ कसं झोपतं?

आमच्या घराच्या स्लॅबला सहा कड्या आहेत. खाली तीन, वर तीन. बुलढाण्यात घर बांधलं तेव्हा मी बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता होतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुलांचं लोखंड मोजलेला माणूस स्वतःच्या घराला सोडतो होय? सळई बांधणाऱ्याच्या डोक्यावर मी उभाच राहिलो. पंख्याचे हुक सगळेच सोडतात. मी प्रत्येक खोलीत पंख्यापासून वेगळी, जाड सळईची एक कडी सोडायला लावली, झोळीसाठी. गवंडी म्हणाला, "साहेब, सहा कड्या कायले? बालवाडी काहाडता का?" मी म्हणालो, घर माझं आहे, तू गाठ मार. स्लॅब पक्का झाल्यावर प्रत्येक कडीला सोयाबीनचं पन्नास किलोचं पोतं दिवसभर टांगून ठेवलं. एकही कडी केसभर हलली नाही.

झोळी म्हणजे काय हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं दुहेरी करायचं, कडीतून ओवायचं, गाठ मारायची, तोंड मिटू नये म्हणून वर एक आडवी काठी घालायची. खाली दोरी बांधायची आणि ती कुणाच्या तरी हातात द्यायची. मोताळ्याच्या शेतात माझी आई लिंबाच्या फांदीला झोळी बांधून तण निंदायला जायची. मी झोळीत वाढलो, माझी भावंडं वाढली, माझा मुलगा वाढला. त्यामुळे लेकरू कसं झोपवावं हा प्रश्न असू शकतो, हेच मला वयाच्या साठीपर्यंत ठाऊक नव्हतं.

तो प्रश्न आमच्या घरात सून घेऊन आली.

नात चार महिन्यांची झाली तेव्हा मुलगा आणि सून तिला घेऊन पुण्याहून पहिल्यांदा घरी आले. सून चिखली तालुक्यातल्या अमडापूरची. म्हणजे आपल्याच मातीतली, शिकून पुण्याला नोकरीला लागलेली. बोलायला कमी, पण कामाला चोख. तिनं गाडीतून एक घडीचा पलंग काढला. चारी बाजूंनी जाळी, आत पुस्तकासारखी सपाट गादी. ना उशी, ना दुपटं, ना बाजूला तक्क्या. माझ्या बायकोनं मोहरीची उशी शिवून ठेवली होती, लेकराचं डोकं गोल व्हावं म्हणून. सुनेनं ती हातात घेतली, छान आहे म्हणाली आणि कपाटात ठेवून दिली. बायको मनातून हिरमुसली, पण बोलली नाही. मी मात्र बोललो. मी म्हणालो, "हे काय पिंजरा आनला? पोरगी आहे का ससा आहे?" मुलगा हसला. सून हसली नाही.

मी हॉलमधल्या कडीला आधीच झोळी बांधून ठेवली होती. सुनेनं ती पाहिली आणि मला शांतपणे सांगितलं, "बाबा, तिला झोळीत नाही ठेवायचं. सपाटच झोपवायचं." मी मान हलवली. मान हलवायला काय जातं?

दुसऱ्या दिवशी दुपारी सून आंघोळीला गेली आणि पोरीनं सूर लावला. मुलगा फोनवर, बायको स्वयंपाकात. मी नातीला पिंजऱ्यातून उचललं आणि झोळीत ठेवलं. दोन झोके दिले नाहीत तोच ती झोपली. मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांना बोलावून दाखवलं. बघा म्हणालो, कालपासूनची रडारड आणि आजोबाच्या झोळीत दोन मिनिटांत गार.

सून न्हाणीतून आली. ओले केस तसेच. झोळीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं काठी बाजूला केली, पोरीला बाहेर काढलं, तिच्या नाकाशी गाल नेला आणि छातीशी धरून उभी राहिली. पोरगी दचकून उठली आणि किंचाळायला लागली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, तसं मी बोलून गेलो.

"आतापर्यंत झोळीत कोनाचं लेकरू मेलं का? सांग मले. एकाचं तरी नाव सांग."

तिनं माझ्याकडे पाहिलं. खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुण्याला निघाले, ठरल्यापेक्षा तीन दिवस आधी. ऑफिसचं काम निघालं, असं मुलगा म्हणाला.

त्यानंतर ते आले नाहीत. मी फोन केला की मुलगा म्हणायचा, "बाबा, सध्या नको. तिला प्रवास झेपत नाही." तिला म्हणजे कुणाला, हे मी विचारलं नाही. नात पालथी पडायला लागली ते मी फोनवर पाहिलं, बसायला लागली ते फोनवर पाहिलं, पहिला दात फोनवर पाहिला. सून फोन धरायची, मला तिचा हात दिसायचा. आवाज यायचा, "बाबा, दिसतंय का?" सगळं रीतसर, आदरानं. पण घरी यायचं नाव नाही. बायको वरवट बकालची, माहेरच्या गोष्टी सांगताना ती थकत नाही. आता मात्र ती दुपारी नुसती बसून राहायची. एकदा म्हणाली, "मायी नात मले ओळखन का हो?" मी पेपर वाचत राहिलो. मला तिच्याहून जास्त वाईट वाटत होतं आणि ते सांगायची लाज वाटत होती.

वरचा मजला मुलासाठी बांधलेला. तो रिकामाच राहणार असं दिसल्यावर मुलानंच फोनवरून सुचवलं की दोन-चार दिवसांच्या पाहुण्यांना द्या, मी ॲपवर टाकतो. बुलढाण्याला कोण मुक्कामी येतं, असं मला वाटलं होतं. पण लग्नाला येणारी माणसं असतात, परीक्षेला येणारी पोरं आणि त्यांचे आईबाप असतात, बदली होऊन आलेले साहेब असतात, ज्यांना घर मिळेपर्यंत आठवडा काढायचा असतो. आमचं बरं चाललं. मला नवीन कपडे घालून फाटकात उभं राहायला निमित्त मिळालं. बायकोला पोहे करून खाऊ घालायला माणसं मिळाली.

ॲपवर मालकानं एक लांबलचक यादी भरायची असते. गरम पाणी आहे का, गाडी लावायला जागा आहे का, इस्त्री आहे का. त्यात एक ओळ होती, तान्ह्या बाळाला झोपवायची सोय आहे का. मी म्हटलं, आहे ना, तीन-तीन कड्या आहेत. आणि खूण केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ती खूण वाचून नाशिकचं एक जोडपं आलं, लग्नासाठी. सोबत सात महिन्यांचा मुलगा. मी वर झोळी बांधून, नवी दोरी लावून तयार. त्या बाईंनी झोळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि गोड आवाजात विचारलं, "काका, पाळणा कुठे आहे?" मी म्हणालो, हाच की. त्या म्हणाल्या, "नाही, म्हणजे आम्ही सपाट झोपवतो. असू द्या, आम्ही पलंगावर करू काहीतरी." त्यांनी पलंग भिंतीला लावला आणि दुसऱ्या बाजूला उशांचा बांध घातला. तिसऱ्या प्रहरी वरून धप्प असा आवाज आला आणि मागून रडणं. मी धावत जिना चढलो. पोरगा उशांवरून घरंगळून खाली आला होता. कपाळाला टेंगूळ, बाकी ठीक. डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी तपासलं आणि घाबरायचं कारण नाही म्हणून सांगितलं. तरी त्या माउलीनं रात्रभर त्याला मांडीवरून खाली ठेवलं नाही.

मी माझा हेका सोडला नाही. खाली येऊन बायकोला म्हणालो, झोळीत ठेवलं असतं तर पडलं असतं का? बायको कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही लिवलं होतं ना सोय हाये म्हनून? मंग त्याईची सोय करा लागत होती. तुमची नाई."

चार दिवसांनी त्या बाईंचा अभिप्राय आला. घर स्वच्छ, काकू प्रेमळ, पोहे उत्तम. पण बाळाच्या झोपण्याची सोय लिहिली आहे ती नाही, तिथे एक साडी टांगलेली आहे. मी ती ओळ दहा वेळा वाचली. साडी टांगलेली आहे! माझ्या पन्नास किलोच्या कडीला कुणी साडी म्हणावं? दोन दिवस मी जेवताना कुणाशी बोललो नाही. घरात बायको एकटीच असल्यामुळे तो अबोला फार काही चालला नाही. "खूण काहाडून टाका," ती म्हणाली. "लेकरंवाल्याईले नाई म्हना."

ते मात्र मला पटेना. अनेक मालक तसंच करतात हे मला नंतर कळलं. बाळाची सोय ठेवली, काही बरंवाईट झालं तर आपल्या गळ्यात, त्यापेक्षा नकोच. ज्यांनी त्यांनी आपापलं आणावं. यात चूक काही नाही. पण लेकरू घेऊन निघालेल्या माणसाच्या गाडीत आधीच किती सामान असतं ते मी पाहिलं होतं. सुनेनं तो घडीचा पलंग पुण्याहून इथवर आणला होता, मांडीवर पोर घेऊन, पायाशी तो ठेवून. आणि पोहोचल्यावर सासऱ्यानं त्याला पिंजरा म्हटलं होतं.

आमच्या घराची दारं-खिडक्या केलेले मिस्त्री मुसलमान मोहल्ल्यात राहतात. सुतारकाम त्यांच्या घरात चार पिढ्यांचं. त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, लेकराची खाट करायची आहे, कठड्याची. माझ्या डोक्यात अजूनही झुलणारं काहीतरी होतं. मी कागदावर चित्र काढलं, खाली अर्धगोल पाय, हात लावला की डुलेल असे. मिस्त्रींनी कागद पाहिला आणि उलटा करून ठेवला.

"साहेब, हलनारं नका करू. लेकराले हलवाचं काम मायचं हाय, लकडीचं नाई."

मग त्यांनी मला शिकवायला सुरुवात केली. मी अभियंता, पण मुकाट्यानं ऐकलं. कठडा उंच हवा, कारण लेकरू आज निजतं, उद्या उभं राहतं. गज जवळजवळ हवेत, इतके की अंग जाईल आणि डोकं अडकेल असं व्हायला नको, अंगच जायला नको. गादी चौकटीत घट्ट बसली पाहिजे, कडेला बोट जाईल एवढीही फट नको. रंग नाही, पॉलिश नाही, कारण दात यायला लागले की लेकरू कठडाच चावतं. खिळा एकही नाही, सगळे बोल्ट, आणि बोल्टाची डोकी लाकडात बुडवलेली. त्यांच्या एका नातवाचं बोट कधीतरी अशाच कठड्यात अडकलं होतं, तेव्हापासून हे सगळं त्यांना पाठ होतं. मी विचारलं, गजांत किती अंतर ठेवायचं? ते म्हणाले, "सव्वादोन इंच. त्याच्यावर सूतभर नाई."

खाट आठवड्यात झाली. सागवानी, साधी. जाड, कडक गादी आणि तिच्यावर चोपून बसणाऱ्या दोन सुती चादरी बायकोनं शिवल्या. प्रत्येक पाहुण्यानंतर चादर गरम पाण्यातून काढायची आणि बोल्ट पाना लावून पाहायचे, असा नियम मी केला. फोटो काढून ॲपवर टाकला. आणि त्याखाली, नाशिकच्या त्या बाईंची आठवण ठेवून, एक ओळ लिहिली. तुमचं बाळ कसं झोपतं ते आधी कळवा, तशी सोय करू.

या ओळीनं मला जे शिकवलं ते तीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं नव्हतं. लोक उत्तरं देऊ लागले, आणि काय उत्तरं! एकाचं पोर पंख्याचा आवाज असल्याशिवाय झोपत नव्हतं, थंडीतही. एकाला आईची ओढणी हातात लागायची. अकोल्याच्या एका बापानं लिहिलं, आमचा मुलगा खाटेत झोपत नाही, माझ्या पोटावर झोपतो, तेव्हा माझ्यासाठी आरामखुर्ची असेल तर बघा. आम्ही शेजारच्या मास्तरांची आरामखुर्ची मागून आणली. जुळ्या मुली घेऊन आलेल्या एका बाईंनी लिहिलं होतं की दोघींना एकमेकींचे आवाज ऐकू आले पाहिजेत, पण एका खाटेत नको. त्यांच्यासाठी मिस्त्रींनी दुसरी खाट घाईघाईनं केली. कोणतंही लेकरू दुसऱ्यासारखं झोपत नाही आणि प्रत्येक आईला आपल्या लेकराचं नेमकं ठाऊक असतं. विचारलं की ती सांगते. मी आयुष्यात कुणाला विचारलंच नव्हतं.

एकदा मी हे असंच कौतुकानं बायकोला सांगत होतो. बघ म्हटलं, नुसतं विचारलं तर माणसं किती मोकळेपणानं लिहितात. ती चादरीच्या घड्या घालत होती.

"हाव. नाशिकवालीले इचारता, अकोल्यावाल्याले इचारता," ती म्हणाली. "सुनेले काऊन नाई इचारलं?"

ती घड्या उचलून वर गेली. ती संध्याकाळ माझी फार वाईट गेली. फोन उचलला, सुनेचा नंबर काढला आणि ठेवून दिला. काय विचारणार? आणि कोणत्या तोंडानं? लेकराच्या सपाट गादीवरून माणूस इतका कसा चिडला, हे माझं मला सांगता येत नव्हतं. खरं कारण एवढंच होतं की माझी कडी तिनं नाकारली होती, आणि मला वाटलं होतं तिनं मला नाकारलं.

त्यानंतर महिनाभरानं सकाळी चहा घेताना फोनवर एक मागणी आली. दोन मोठी माणसं, एक मूल, पाच दिवस. नाव वाचलं आणि चष्मा काढून पुसला. नाव सुनेचं होतं. आडनाव माहेरचं.

पहिल्यांदा वाटलं, ही थट्टा आहे. मग वाटलं, टोमणा आहे. सासरच्या घरी यायचं तर पाहुणी म्हणूनच येईन, असा. माझं डोकं तापायला सुरुवात झाली होती. मग खाली पाहिलं. बाळ कसं झोपतं, या माझ्या ओळीखाली तिनं उत्तर लिहिलं होतं. इतर लोक एक-दोन ओळी लिहितात. हिचं लांब होतं.

बाळ अकरा महिन्यांचं आहे, तिनं लिहिलं होतं. पाठीवर झोपवते. नंतर ती आपणहून पालथी झाली तर तशीच राहू देते. गादी सपाट आणि कडक लागते. उशी, तक्क्या, जाड पांघरूण नको. झोळी नको. त्या दिवशी तुम्ही एक नाव विचारलं होतं. नाव ठेवायचं राहूनच गेलं होतं, बारसं व्हायचं होतं. माझा धाकटा भाऊ. मी सहा वर्षांची होते. आई कापूस वेचायला गेली होती, तो झोळीत होता आणि दोरी माझ्या हातात होती. तो रडायचा थांबला तेव्हा मला वाटलं झोपला. त्याचं नाक कापडात दबलं होतं आणि मी हलवत राहिले. आमच्या घरात यावर कुणी बोलत नाही. तुमच्या मुलालाही भाऊ लहानपणी गेला एवढंच माहीत आहे. मला तोंडानं सांगता आलं नसतं. तुम्ही इथे विचारलं आहे, म्हणून लिहिलं.

आणि शेवटी एक ओळ. खाटेचा फोटो पाहिला, गजांमधलं अंतर किती आहे?

मी फोन बायकोकडे दिला. तिनं ओठ हलवत हळूहळू वाचलं. वाचून झाल्यावर पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "इतकुशी पोर. दोरी हातात." मग तिनं माझ्याकडे पाहिलं, पण मला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मी त्या पोरीला भर घरात विचारलं होतं, एकाचं तरी नाव सांग. तिच्याकडे उत्तर होतं आणि तिनं ते गिळलं होतं, माझी लाज राखायला की स्वतःला सावरायला, कोण जाणे. पण सात महिने ती ते घेऊन फिरत होती आणि दर रविवारी फोन धरून मला नात दाखवत होती.

मी टेप घेऊन वर गेलो. दोन्ही खाटांचे सगळे गज मोजले, वर, मधे आणि खाली, कारण लाकूड हवेनं वाकतं. खाली आलो आणि उत्तर लिहायला बसलो. मला पत्रं लिहिता येतात, सरकारी. संदर्भ, विषय, आपणास कळविण्यात येते की. हे त्यात बसणारं नव्हतं. चार वेळा लिहिलं आणि खोडलं. एकदा फारच मोठं झालं, त्यात माझी आई, लिंबाची फांदी, सगळं आलं होतं. ते वाचून बायको म्हणाली, "हे कायले? तिनं अंतर इचारलं ना?" शेवटी लिहिलं ते एवढंच. सव्वादोन इंच. आताच सगळीकडे मोजलं. माझं चुकलं, बेटा. आणि तू लहान होतीस, तुझं काहीच चुकलं नव्हतं. घर तुझं आहे, या.

मागणी मंजूर करायचं बटण असतं, ते दाबलं. मग जिन्याखालची शिडी काढून खालच्या आणि वरच्या सगळ्या झोळ्या सोडल्या आणि लुगडी बायकोला दिली. तिनं त्यांची फडकी केली. पुढे एका आजीबाईंनी झोळी मागितली, तेव्हा मी त्यांना नाही म्हणालो, खाट दाखवली. त्या नाराज झाल्या, पण झोपवलं लेकरू खाटेत.

ते आले तेव्हा ऊन उतरलं होतं. नात मुलाच्या कडेवर. तिनं मला पाहिलं आणि फोनमधला माणूस फोनबाहेर कसा आला, असा चेहरा केला. बायकोनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. सून वाकली, मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. काय बोलायचं ते सगळं लिहून झालं होतं, त्यामुळे मी म्हणालो, प्रवास कसा झाला? ती म्हणाली, "घाटात जरा गाड्या अडकल्या होत्या, बाबा." आवाज नेहमीचा होता, फक्त डोळे भरले होते. माझेही.

ती तडक वर गेली. मी मागोमाग. तिनं खाटेच्या गादीवर तळवा दाबला, कडेच्या फटीत बोट घालून पाहिलं, कठडा दोन्ही हातांनी धरून हलवला, वाकून बोल्ट पाहिले. मी आयुष्यभर असंच दुसऱ्यांचं काम तपासलं, आणि त्या दिवशी ठेकेदारासारखा दाराशी उभा होतो. ती सरळ झाली आणि म्हणाली, "छान केली आहे." मी म्हणालो, मिस्त्रींची अक्कल आहे, माझी नाही. तेव्हा ती हसली. लग्न होऊन आली त्यानंतर इतकं मोकळं हसलेली मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. मुलगा मोताळ्याला माझ्या भावाकडे गेला होता. दुपारी सुनेनं नातीला खाटेत ठेवलं, पाठीवर. ती थोडी कुरकुरली, कठड्याचा एक गज धरून पाहिला, चावून पाहिला आणि झोपली. बायको पिशवी घेऊन निघाली होती. मला वाटलं सून थांबेल. मी तसं म्हणालोही, तू थांब, मी जातो सोबत. ती चप्पल घालत होती.

"नाही बाबा, मी जाते आईंबरोबर. मला अंबाडी घ्यायची आहे, पुण्यात मिळत नाही. तुम्ही आहात ना इथे?"

मी आहे म्हणालो. दोघी गेल्या. मी खाटेशेजारी खुर्ची ओढली आणि बसलो. पेपर घेतला नाही, टीव्ही लावला नाही. नात पालथी झाली तेव्हा माझा हात पुढे गेला, पण तिनं लिहिलेलं आठवलं आणि मी हात मागे घेतला. पाठ वरखाली होत होती, ती पाहत राहिलो. फोन हातात धरून ठेवला होता, वाजला तर पहिल्या रिंगला उचलायचा म्हणून. बाजारातून घर पंधरा मिनिटांच्या अंतरावर आहे. आई झालेल्या कुठल्याही बाईनं एवढ्या वेळात दोनदा तरी विचारलं असतं, उठली का, ठीक आहे ना.

सुनेला यायला दोन तास लागले, आणि तिनं एकदाही फोन केला नाही.